पायऱ्यांचा पूल

त्या दिवशी प्रॅक्टिकलला मॅडमनी मुद्दाम आपलाच नकाशा घेतला. पुस्तकातली गुळगुळीत उदाहरणं दिली की मुलं जांभया देतात, शहराचा खरा डेटा हातात पडला की सरसावून बसतात, हा त्यांचा अनुभव. थोडं मिरवणंही होतंच त्यात. शहराच्या आरोग्य खात्याने त्यांच्या भूगोल विभागाला विचारलं होतं, की नदीच्या या भागासाठी अँब्युलन्सचं एकच केंद्र ठेवायचं, तर ते कुठे ठेवावं? मॅडम वर्षभर त्यावर खपल्या होत्या. केंद्र सध्या नदीपलीकडे होतं. ते अलीकडच्या नव्या वसाहतीत आणलं तर दोन्ही काठ वेळेत गाठता येतील, असा त्यांचा निष्कर्ष खात्याने मान्य केला होता. पुढच्या आठवड्यात केंद्र हलणार होतं.

मुलांनी नव्या केंद्रावर क्लिक केलं. स्क्रीनवर हिरवा रंग रस्त्यारस्त्याने पसरत गेला आणि नदी ओलांडून पलीकडच्या वस्तीत शिरला. हिरवं म्हणजे गाडी वेळेत पोहोचणार.

"मॅडम, हा रंग इथून पलीकडे कसा गेला?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. ही मुलगी प्रत्येक गोष्टीला चिमटा काढून बघायची, म्हणून वर्गात तिचं नावच चिमटा पडलं होतं.

"पूल आहे तिथे."

"पूल आहे, पण त्याला पायऱ्या आहेत. मी रोज त्यावरूनच येते. अँब्युलन्सला पाय फुटले तर गोष्ट वेगळी."

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पुलाच्या रेघेवर क्लिक केलं. रस्त्याच्या प्रकाराचा रकाना रिकामा होता. रकाना रिकामा असला की प्रोग्रॅम ती रेघ गाडीचा रस्ता समजतो, हे त्यांनीच या मुलांना शिकवलं होतं.

"आजचा तास इथेच थांबवू," त्या म्हणाल्या. तास अर्धाही झाला नव्हता.

त्या तडक नदीवर गेल्या. अरुंद लोखंडी पूल, दोन्ही टोकांना उभा जिना. एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन धापा टाकत चढत होता. त्याला वाट द्यायला मॅडम कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या आणि तशाच कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग परत येऊन त्यांनी ती एक रेघ गाड्यांना बंद केली आणि गणित पुन्हा चालवलं. अलीकडच्यापेक्षा कितीतरी दाट असलेली पलीकडची अख्खी वस्ती लाल झाली.

विभागप्रमुखांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. दोन जुन्या कॉम्प्युटरवर सुरू झालेला हा विभाग त्यांनी रक्त आटवून उभा केला होता.

"एका रेघेने आभाळ कोसळत नाही," ते म्हणाले. "पुढच्या अहवालात दुरुस्त करू."

"सर, सगळा निष्कर्षच त्या रेघेवर उभा आहे. केंद्र हललं की पलीकडे गाडी मोठ्या पुलाला वळसा घालून जाणार."

"आणि आता माघार घेतली, तर खातं आपल्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मुलांच्या प्रकल्पांचं काय? विचार करा जरा."

मॅडमनी विचार केला. बसून करता येईना म्हणून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत केला. सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी सरांना सांगितलीच नव्हती. नवं केंद्र त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येणार होतं. त्यांचे सासरे, अप्पा, यांना मागच्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा गाडी इतकी उशिरा आली की शेजाऱ्यांनी आशा सोडली होती. केंद्र येणार हे कळल्यापासून अप्पा भेटेल त्याला सांगत होते, "सुनेने यमाला चकवा दिला."

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता. सुरी थांबली.

"तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?"

"चिमट्याला कळलंय. मला कळलंय."

"आणि बाबांचं काय? मागच्या वेळी तू होतीस ना इथे? पाहिलंस ना?"

"पाहिलं. पलीकडेही कुणाचे तरी बाबा असतील, अरे."

"मला पलीकडचं सांगू नकोस," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "सांग. मला माहीत आहे, तू सांगणारच आहेस. फक्त मला त्यात ओढू नकोस."

दारात अप्पा उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्याच आरोग्य खात्यात गेल्या. संचालिकाबाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले.

"तुमचे सर कुठे आहेत?"

"ते आले नाहीत. चूक मी तपासलेल्या भागातली आहे. मी आले."

बाईंनी दोन्ही नकाशांवरच्या पुलावरून बोट फिरवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि केंद्र हलवायचं काम थांबवलं. "अलीकडच्या काठाला मात्र दुसरं केंद्र देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "निदान एवढ्यात तरी नाही. आणि पुढचं काम आम्ही तुमच्या विभागाला देऊ, असं धरून चालू नका."

विभागप्रमुख त्यानंतर कामापुरतंच बोलू लागले. अप्पा तेवढंही बोलेनात. ताट समोर आलं की मान खाली घालून जेवायचे आणि उठायचे. मॅडमना घरात बसवेना, विभागात करमेना. वर्गात शिकवताना मध्येच थांबून त्या नकाशावरची एखादी भलतीच रेघ तपासायला लागत, आणि मुलं एकमेकांकडे बघत.

एका रविवारी अप्पा कपडे करून दारात येऊन उभे राहिले.

"गाडी काढ. त्या केंद्रापासून आपल्या घरापर्यंत यायचंय मला. बघू तरी."

त्या गाडी घेऊन पलीकडे गेल्या, केंद्राच्या फाटकाशी वळल्या आणि घराकडे निघाल्या. वस्तीतून बाहेर पडेपर्यंत रस्ता मोकळा होता. मोठ्या पुलावर मात्र वाहनांची रांग तटली होती. पुढे एक ट्रक बंद पडला होता. हॉर्न वाजत होते, कोणी जागचं हलत नव्हतं. अप्पा मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होते. खूप वेळाने ते म्हणाले, "एव्हाना मी गेलो असतो."

आणि त्यांना हसू फुटलं. चांगलं खदखदून, खोकला येईपर्यंत. मॅडमना हसता येईना. त्यांनी अप्पांच्या पाठीवरून हात फिरवला, पाण्याची बाटली उघडून दिली.

"रडू नकोस गं," अप्पा म्हणाले. "राग गेलेला नाही माझा. पण रडू नकोस."

पुढची गाडी वीतभर सरकली. मॅडमनी डोळे पुसले आणि क्लच हळूहळू सोडला.