मराठी पिलर

डोंबिवलीत तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या सुदेश पेंटरला मेट्रो स्टेशनखालच्या पिलरवर नंबर घालायचं काम मिळालं. सगळे आकडे इंग्रजीत झाले, पण शेवटच्या पिलरवर हाताच्या सवयीने तो मराठीत १४७ लिहून बसला. इंजिनीअर तापला, "उद्या पहिलं हे खोडायचं!" पण दुसऱ्या दिवशी शिडीच पुढच्या स्टेशनला गेली आणि आकडा राहिला तो राहिलाच. सुदेशला त्याची इतकी लाज वाटली की वर्षभर तो त्या रस्त्याला फिरकला नाही.

स्टेशन सुरू झालं त्या सकाळी मात्र त्याला राहवेना, तो रिक्षा स्टँडवर आला. शेअर रिक्षावाला ओरडत होता, "मराठी पिलर, मराठी पिलर! एक सीट!"

"हे काय नवीन?" सुदेशने विचारलं.

"काका, इथले नाही काय? मेट्रोखाली एकच नंबर मराठीत आहे. काय वळणदार काढलाय! सगळी पब्लिक तिथेच भेटते."

सुदेश आत ताठ बसला.

"कुठे उतरणार?"

"माझ्या पिलरला."