पंधरा पावलांचं कुत्रं

"हे नको," प्रल्हाद म्हणाला. "हे कामाचं नाही."

शरयू त्या कुत्र्याशेजारी उकिडवी बसली होती. ती उठली नाही.

मिशिगनमधल्या ट्रॉयहून तासाभरावर, मक्याच्या कापलेल्या शेतांमध्ये लॉरेनचं बार्न होतं. शिकाऱ्यांसाठी स्पॅनियल कुत्री वाढवणारी ही सत्तरीची बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिनं आधी दोन कुत्री दाखवली होती. एक आठ महिन्यांची, स्प्रिंगर जातीची. दोरीला बांधलेला फेझंट पक्ष्याचा पंख गवतात फेकला की बाणासारखी सुटायची. दुसरा कॉकर जातीचा, एवढासा, पण काटेरी झुडपात बेधडक घुसणारा. बाराच्या आवाजाला बिचकत नाहीत हे दाखवायला लॉरेननं कानाशी पत्र्याची बादली बडवली तरी दोघांनी मान वळवली नाही.

तिसरं तिनं दाखवायला आणलंच नव्हतं. ते आपणहून बाहेर आलं. आई स्प्रिंगर, बाप कुणी लॅब्रडॉर. दोन वर्षांचं, दोनदा विकलेलं आणि दोनदा परत आलेलं. नाक उत्तम, लॉरेन म्हणाली, पण एक खोड आहे. स्पॅनियलनं बंदुकीच्या टप्प्यात, तीस-चाळीस पावलांवर, नागमोडी धावत पक्षी उठवायचा. हे पंधरा पावलांच्या पुढे जात नाही. जातं, वळतं, माणसाचं तोंड बघतं. पुन्हा जातं, पुन्हा वळतं. माणूस दिसेनासा झाला तर पक्षी सोडून त्याला शोधत येतं, आणि नाहीच सापडला तर भुंकून रान डोक्यावर घेतं.

शरयूनं तिला हे सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. आपलं इंग्रजी हिला कळलं नसावं असं वाटून लॉरेननं सावकाश सांगितलं.

बावीस वर्षं शरयूनं घरात कुत्रं येऊ दिलं नव्हतं. पोह्यांत केस येतील, देवघरात शिरेल. बंदूकही तिला खपली नव्हतीच. प्रल्हाद गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायचा. तिथल्या वॉल्टनं त्याला शिकारीचा नाद लावला, तेव्हा पहिल्या वर्षी तिनं त्याला गराजमध्येच कपडे उतरवायला लावले होते. वॉल्टचं कुत्रं पक्षी उठवायचं, प्रल्हादचा नेम चुकायचा आणि वॉल्ट पोट धरून हसायचा. पक्षी क्वचित, पण बार भरपूर. दोन वर्षांपूर्वी वॉल्ट गेला आणि जाताना बंदूक प्रल्हादला देऊन गेला.

यंदा ऑगस्टमध्ये प्रल्हादची नोकरी गेली. त्याच्या टेबलावरचं सामान एका खोक्यात घालून कारखान्याच्या लोकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. सप्टेंबर सरता सरता तो एकटाच रानात जायला लागला. सकाळी पाच काडतुसं घेऊन जायचा, संध्याकाळी पाचच परत आणायचा. धुण्याआधी जॅकेटचे खिसे तपासणं ही तिची जुनी सवय. घटस्थापनेच्या दिवशी रात्रभर पाऊस पडून रान भिजलेलं होतं, आणि तो दिवसभर फिरून आला तर बूट कोरडे. म्हणजे दिवसभर कुठेतरी बसूनच होता. त्याच आठवड्यात त्यानं तिला तळघरात नेऊन पाण्याचा मुख्य नळ कसा बंद करायचा ते दाखवलं. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर दाखवला. विम्याचे कागद एका फाइलमध्ये लावले आणि वर सुवाच्य अक्षरांत तिचं नाव लिहिलं.

तिनं मुलीला फोन केला. हिमानी अॅन आर्बरला शिकत होती, परीक्षा जवळ आलेली. "मॉम, ही इज जस्ट सॅड. गेट हिम अ डॉग ऑर समथिंग."

म्हणून ती आज इथे होती, मातीत, शेवाळी डोळ्यांच्या त्या कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून. केस ओले होते आणि आत ऊब होती.

"ती स्प्रिंगर घेऊ," प्रल्हाद म्हणाला. "अगं, याला काय करायचं? सारखं पायांत घुटमळणार, सारखं तोंडाकडे बघणार. असलं कुत्रं बरोबर असताना माणूस बंदूक चालवूच शकत नाही."

"म्हणूनच," शरयू म्हणाली.

वारा बार्नच्या पत्र्यावरून गेला. शेतात मक्याची खुंटं तेवढी उभी होती. लॉरेनला मराठी येत नव्हतं, पण ती काठीनं बुटाचा चिखल खरवडायला लागली आणि बराच वेळ खरवडत राहिली.

"कधीपासून कळलंय तुला?" प्रल्हादनं विचारलं.

"घटस्थापनेपासून."

त्यानं तोंड फिरवलं. कुत्रं उठलं, त्याला वळसा घालून समोर आलं आणि वर बघत बसलं. त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. कुत्रं पुन्हा समोर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं फिरवलं नाही.

परतीच्या वाटेवर तोच गाडी चालवत होता. कुत्रं मागच्या सीटवर. रानाकडे वळणारा कच्चा रस्ता आला तशी त्यानं गाडी हळू केली. उजवीकडचा इंडिकेटर लागला. तो टिकटिकत राहिला. शरयूनं कुत्र्याच्या पट्ट्याला हातावर दोन वेढे दिले, तिसरा दिला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

मग प्रल्हादनं गाडी कडेला घेऊन थांबवली. त्यानं किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"तू चालव," तो म्हणाला. "बंदूक वॉल्टच्या मुलाकडे ठेवू. सध्या."

"अहो, आजच ठेवू," ती म्हणाली.

तो उतरला आणि मागे जाऊन बसला. तिनं सीट पुढे ओढली, पाय ब्रेकपर्यंत पोचतो का पाहिलं, वरच्या आरशाला हात घातला. आरशात रस्ता नव्हता. त्यात प्रल्हाद होता, खिडकीकडे मान वळवलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता बसलेलं कुत्रं.

मागचा रस्ता दिसेल असा आरसा लावायला हवा होता. तिनं तो तसाच ठेवला आणि गाडी सुरू केली.