नानाजींनी ‘मी’ सोडला

आसेगावच्या नानाजींना वैराग्य आलं ते जऊळक्याच्या स्टेशनावर, आणि तेही गाडी दोन तास लेट होती म्हणून. लेक-जावयाला गाडीत बसवून द्यायला ते बैलांची दमणी जुंपून आले होते. फलाटावर एक बैरागी घोंगडी अंथरून बसला होता. वेळ जाईना, म्हणून नानाजींनी त्याच्यापाशी आपलं गाऱ्हाणं काढलं.

“महाराज, माह्यं वावर हाय, माह्यं घर हाय, माह्यासारखी बैलजोडी साऱ्या पंचक्रोशीत नाई. पन मले चैन नाई. काहून?”

बैराग्यानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. “बाकी सब रहने दे, बेटा. बस ‘मैं’ छोड दे.”

तेवढ्यात गाडी आली. बैरागी घोंगडी खांद्यावर टाकून सरळ डब्यात शिरला. स्टेशनमास्तर ओरडला, “अरे, बिनातिकीट कौन चढा?” आतून शांत आवाज आला, “कोई नहीं.”

नानाजी तिथंच भारले. एवढं मोठं तत्त्व, आणि इतक्या रोकड्या उपयोगाचं!

घरी येऊन ओट्यावर बसता बसता त्यांनी बायकोला सांगितलं, “रुख्मिणे, आजपासून हा देह ‘मी’ म्हननार नाई.”

“मंग कोन म्हनन?”

“कोनीच नाई. ‘मी’ हाच साऱ्या दुःखाचा बाप हाय.”

“बरं,” रुख्मिणी म्हणाली. “मंग जेवाले पानं किती मांडू?”

नानाजींनी थोडा विचार केला. “देहाचं एक मांड.”

पहिले आठ दिवस जिभेला वळण लागेना. ‘म्‌’ पर्यंत येऊन ते थांबत, आणि समोरच्याला वाटे नानाजींना ढास लागली. मग जमलं. ‘हा देह काल मंगरूळले गेला होता,’ असं ते सहज बोलल्यासारखं बोलत आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत. त्यानं नुसतं ‘हो का?’ म्हटलं, तर नानाजी तेच वाक्य जरा मोठ्यानं पुन्हा म्हणत.

मग साधेपणा आला. पलंग सुटला, जमिनीवर तीन गाद्या पडल्या. पक्वान्नं सुटली, देहाला नुसती भाकर आणि ठेचा पुरे झाला. पण भाकर तव्यावरची लागे आणि ठेचा वाटल्या वाटल्या. रुख्मिणीला पूर्वी दिवसातून दोनदा चूल पेटवावी लागे, ती आता चारदा पेटू लागली.

तरी घर म्हटलं की मोह आलाच. मार्गशीर्षात एके सकाळी नानाजी गावाबाहेर चंपत माळ्याच्या बागेत जाऊन उभे राहिले. चंपतची दोन एकर बाग, विहीर, मोट. वांगी, मिरची, मेथी पिकवायची आणि बाजारात न्यायची. बागेतच कुडाची खोली होती. तीत चंपत आणि त्याची बायको हौसाबाई राहत.

“चंपत, किती साधा राह्यतं तू!” नानाजी गहिवरून म्हणाले. “हा देह आता इथंच राहीन. याच खोपटात.”

“आन् आमी?” चंपतनं विचारलं.

“तुले तं सवय हाय बाप्पा.”

एवढ्या मोठ्या माणसाला नाही कोण म्हणणार? चंपत-हौसाबाईचं बिऱ्हाड चिंचेखाली गेलं. तीन गाद्या, पाण्याचा हंडा, समई, पानदान आणि बसायला व्याघ्रचर्म एवढ्या किरकोळ सामानासह नानाजी खोपटात राहायला आले. रुख्मिणी घरून दोन वेळा गरम भाकरी झाकून आणू लागली, आणि आणता आणता धापा टाकू लागली.

बातमी पसरली. इंझोरीचे पंजाबराव चार माणसं घेऊन आले. ते आले म्हणून दुसरे आले. कोणी नारळ ठेवला, कोणी पायावर डोकं. कोणीतरी ‘देहबाबा’ म्हणालं आणि तेच नाव पडलं. नानाजींनी आधी हातानं नको नको केलं. पण जो नुसतं ‘नानाजी’ म्हणे, त्याला ते प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा जरा लहान देत.

पोथी वाचणारा शालिकराम रोज येऊन बसे आणि देहबाबांचं प्रत्येक वाक्य लोकांना उलगडून सांगे. “थंडी हाय,” असं नानाजी म्हणाले, तरी शालिकराम त्यातून पाव तास ब्रह्म काढी.

या सगळ्यात मेथी मेली. खोपटाकडं यायची वाट मेथीच्या वाफ्यांमधूनच होती, आणि भक्तांची नजर वर लागलेली.

हौसाबाईनं पंधरा दिवस तोंड दाबून काढले. सोळाव्या दिवशी चंपत मोटेवर होता, पाणी वळवायला माणूस नव्हतं, आणि तिला तापानं कणकण भरली होती. ती फावडं घेऊन खोपटाच्या दारात आली. नानाजी एकटेच होते.

“नानाजी, आत कोनी हाय का?”

“कोनीच नाई, हौसे,” नानाजी प्रसन्नपणे म्हणाले. “नुसता देह हाय.”

“मंग तो देऊन द्या घंटाभर. रिकामाच हाय. वांग्याले पानी वळवाचं हाय.”

नानाजींनी आजूबाजूला पाहिलं. अर्थ उलगडायला शालिकरामही नव्हता. फावडं मुकाट्यानं हातात आलं.

पहिला वाफा फुटला. दुसरा अर्धाच भरला. “अवो, बांध पाहा! पाट सोडू नोका!” हौसाबाई चिंचेखालून ओरडत होती. तिसऱ्याला जरा अंदाज आला. मोटेचं पाणी पाटातून खळखळत येई. वाफा भरत आला की माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, लगेच पुढच्याचं फोडायचं. क्षणभर उशीर झाला तरी पाणी भलतीकडं पळे. धोतर गुडघ्याच्या वर गेलं. पागोटं कुठं पडलं ते समजलं नाही. पाणी येत होतं, माती ओढली जात होती, ओल रोपांच्या बुडाशी चढत होती. आणि हे कोण करतंय, कोण बघतंय, हा प्रश्न नानाजींच्या डोक्यात एकदाही आला नाही. अख्खी वांगी भिजली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मागं बोलणं ऐकू आलं. पंजाबराव इंझोरीची पंधरा-वीस माणसं घेऊन बांधावर उभे होते. सोबत शालिकराम.

“वा!” पंजाबराव शेतकऱ्याच्या सवयीच्या नजरेनं बघत म्हणाले. “कसं सारखं पानी देल्लं! एक वाफा उना नाई. चंपत, तुह्यं काम हाय का हे?”

“मी!” नानाजी ओरडले. “मी देल्लं! सारंच्या सारं मी!”

मोटेवर चंपतनं बैल थांबवले.

शालिकराम पुढं सरसावला. “ऐका हो! हा साधा ‘मी’ नोये. हा ब्रह्माचा ‘मी’ हाय! आज बाबाच्या मुखातून—”

“चूप बस, शालिकराम,” नानाजी म्हणाले. “माह्याच हाय. लहानसाच हाय.”

त्यांना लाज वाटत होती. पण ‘मी’ निसटल्याची नव्हे. दोन महिने ते दिवसभर आपल्या तोंडावर पहारा करत बसले होते, आणि त्या दोन महिन्यांत स्वतःशिवाय दुसरं काही त्यांना दिसलंच नव्हतं. मघाशी वांग्यांना पाणी देताना मात्र तो ‘मी’ सापडला नसता, कोणी शोधलं असतं तरी. हे लोकांना कसं सांगायचं ते त्यांना कळेना, आणि पायही चिखलात रुतले होते. पंजाबरावांनी हात देऊन त्यांना वर ओढलं.

भक्त दुपारपर्यंत रेंगाळले आणि पांगले. शालिकरामनं पुढं महिनाभरात दुसरा बाबा शोधला. गाद्या, समई, पानदान बैलगाडीतून घरी गेलं. रुख्मिणीनं पलंगावरची धूळ झटकली आणि तेल गरम करून त्यांची पाठ चोळून दिली.

चौथ्या दिवशी नानाजी बागेत आले, स्वतःचं फावडं घेऊन. चंपत खाट टाकायला धावला. हौसाबाई बरी झाली होती आणि तुडवलेल्या मेथीचे वाफे पुन्हा खणत होती. तिनं मान वर केली नाही.

“खाट कायले?” ती नवऱ्याला म्हणाली. “नानाजी, त्या कोपऱ्यापासून खना. अन् खोल खना, तुमच्या भक्ताईनं जमीन लय दाबून ठेवली.”

नानाजींनी धोतर खोचलं. जमीन खरंच दगडासारखी झाली होती.