झाकली मूठ उघडली

सकाळी स्टुडिओचं शटर वर करून फोटोग्राफरनं संगणक सुरू केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांची लग्नं, तान्ही बाळं, आता हयात नसलेल्या आईवडिलांचे चेहरे. अकरा वर्षांच्या फोटोंपैकी एकही फाईल उघडेना. पडद्यावर नुसती एक चिठ्ठी होती. तीन दिवसांत पैसे द्या, नाहीतर तुमच्या गिऱ्हाइकांचे फोटो जगजाहीर करू.

हे कुठून आलं ते कुणी सांगायची गरज नव्हती. आठवड्यापूर्वी त्यानं फोटो सुधारायचं महागडं सॉफ्टवेअर कुठल्याशा साइटवरून फुकटात उतरवून घेतलं होतं. आधी अँटीव्हायरस बंद करा, अशी तिथे सूचना होती. त्यानं तीही निमूट पाळली. चोरानं कुत्रं बांधून ठेवायला सांगावं आणि घरमालकानं ते बांधावं, तसंच झालं.

दुकानाचा गल्ला त्याची थोरली बहीण सांभाळायची. ती निवृत्त परिचारिका. त्यानं तिला सगळं सांगितलं आणि म्हणाला, गुपचूप पैसे भरून मोकळा होतो, झाकली मूठ राहू दे. तिनं आधी इंटरनेटची वायर उपसली, मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"कुणाची मूठ झाकतोस? ते चेहरे तुझे नाहीत, लोकांचे आहेत."

"ताई, धंदा बसेल माझा. लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत. उभा जन्म वॉर्डात काढलाय मी. लाजेनं झाकलेली जखम चिघळतेच. हा चोर तुझ्या लाजेवर जगतोय. आणि पैसे घेऊन तो गप्प बसेल, हे तुला कुणी सांगितलं? त्यानंच ना?"

फोटोग्राफरनं मान खाली घातली. मग त्याला राग आला. आधी स्वतःचा, नंतर त्या चिठ्ठीचा. छदामही देणार नाही, असं म्हणत तो उठला.

सायबर पोलिसांत तक्रार नोंदवून त्यानं गिऱ्हाइकांची जुनी वही काढली आणि दोन दिवस एकेकाला फोन केला. चूक माझी आहे, तुम्हाला कुणी धमकावलं तर घाबरू नका, पैसे देऊ नका, पोलिसांना कळवा, असं प्रत्येकाला सांगितलं. काहींनी शिव्या घातल्या. एका शिक्षिकेनं तर असं फैलावर घेतलं की त्याचा कान लाल झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण फोन आपणहून ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच शिक्षिकेला तिच्या मुलीच्या फोटोसह धमकी आली. ती डगमगली नाही. संदेश जसाच्या तसा जपून ठेवून तिनं सरळ पोलीस ठाणं गाठलं. परतताना ती स्टुडिओत आली.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. "पण तुम्ही लपवलं असतंत, तर आज मी भीतीपोटी पैसे देऊन बसले असते."

बरेच फोटो परत मिळाले नाहीत. काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. फोटोग्राफर आता प्रत्येक कामाची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवतो, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरकडे ढुंकूनही बघत नाही.

मंडळी, सावध तर राहायचंच. पण फसलो, तर तोंड लपवायचं नाही. गुन्हा चोरानं केलाय, मान त्यानं खाली घालावी. आपण ताठ मानेनं चारचौघांत सांगायचं, म्हणजे त्याला पुढचं सावज मिळणार नाही.