तीन चष्मे, एक तक्रार

खिडकी क्रमांक चारवरच्या बाईला माझा चेहरा पाठ झाला होता. मी टोकन घेऊन बाकावर टेकलो की ती दुसऱ्याच्या पाकिटावर शिक्का मारता मारता माझ्याकडे बघायची आणि एक मोठा श्वास सोडायची. तीन शनिवार मी तिच्याशी भांडलो होतो. चौथ्या शनिवारीही भांडायचं ठरवूनच घरातून निघालो होतो.

"पोचलंय," ती म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. इथून निघालं, तिकडे उतरलं, घरी पोचवलं. घेणाऱ्याची सहीसुद्धा आहे."

"कुणाची सही?"

"ते तिकडचं टपाल खातं सांगेल."

"तिकडचे म्हणतात, जिथून पाठवलं तिथे विचारा."

"मग त्यांना सांगा, आम्ही पाठवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काचेवर हात आपटला. काच जाड होती, हात माझाच दुखला. दाराजवळचा पहारेकरी दोन पावलं पुढे आला. रांगेतले लोक आपापल्या पार्सलांकडे बघू लागले. बाई मात्र जागची हलली नाही. तिने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला आणि फटीतून पुढे सरकवला.

"तक्रार लेखी करा. आरडाओरड्याला आमच्याकडे रकाना नाही."

त्या पाकिटात माझ्या आईचा चष्मा होता. मी पाठवलेला तिसरा.

दोन वर्षांपूर्वी आईला एक छोटा झटका येऊन गेला. बोलणं, चालणं सगळं परत आलं, पण उजव्या डोळ्याचा एक स्नायू ढिला पडला तो पडलाच. तेव्हापासून तिला एकाच्या दोन वस्तू दिसतात. दोन दारं, दोन नळ, दोन दुधाच्या पिशव्या. ती तिकडे मायदेशी, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. जिना उतरताना दोन पायऱ्या दिसतात आणि त्यातली खरी कुठली, हे तिला पायाने चाचपून ठरवावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रिझमचा चष्मा लावला तर दोन चित्रं एकमेकांवर बसतील, नाहीतर आई एक दिवस पडेल. तिकडच्या दुकानात दोनदा चष्मा करून घेतला. पहिल्यात प्रिझमची जाड बाजू नाकाकडे यायला हवी की कानाकडे, यातच गल्लत. दुसऱ्यात काचांचे मध्य चुकलेले. आई म्हणाली, "आता मला तीन दिसतात. वाढदिवस असल्यासारखं वाटतं."

तिला विनोद सुचतात. मला सुचत नाहीत. माझा राग कायम नाकावर. बाबा म्हणायचे, अरे, चष्म्यापुरती तरी जागा सोड तिथे. टँकरच्या मागे लिहिलेलं वाचून त्यांनी माझं नावच 'ज्वालाग्राही' ठेवलं होतं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दोन कपाटं, एक आरसा, एक खुर्ची, एवढंच. त्यांची एक पद्धत होती. तयार झालेला चष्मा ते कधीही डबीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. खुर्चीवर बसवायचे, स्वतःच्या हाताने चष्मा त्याच्या नाकावर ठेवायचे, मागे सरून बघायचे, मग बारीक पक्कड घेऊन नाकाजवळची तार वाकवायची, कानामागची काडी गरम करून वळवायची. कुणाचा एक कान खाली, कुणाचं नाक डावीकडे कललेलं. "काच मशीनवर होते, चष्मा चेहऱ्यावर होतो," असं ते म्हणायचे. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, शिपायाला पाठवतो, त्याच्याकडे द्या. बाबांनी शिपायाला चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवला. घरात आईचा चष्माही तेच बसवायचे. तिचा डावा कान किंचित खाली आहे. तिने स्वतःहून नवा चष्मा डोळ्यांवर चढवलेला मी जन्मात पाहिला नाही.

मी इथे एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काचा घासतो. दिवसाला साठ जोड्या. चेहरा एकही दिसत नाही. ट्रे येतो, त्यात चिठ्ठी असते, काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, ट्रे पुढे ढकलायचा. आईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मी फोनवर मागवला. तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर मला तोंडपाठ होतं. सुटीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने मी तिचा चष्मा स्वतः केला. डोळ्यांत तेल घालून केला. कापसात गुंडाळून, डबीत घालून, डबी खोक्यात घालून, रजिस्टर पोस्टाने पाठवला.

"आला का ग?"

"नाही बाबा. पोस्टाचा काय भरवसा? तू येताना घेऊन ये."

मी दुसरा केला. कॉम्प्युटरवर 'पोचवले' असं दिसलं. आई म्हणाली, "नाही आला. जाऊ दे रे. तू येशील तेव्हा आण."

आणि मग ती पडली. शेवटच्या पायरीवर, म्हणजे जी तिला शेवटची वाटली त्या पायरीवर. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. शेजारणीने फोन केला तेव्हा मी मशीनवर होतो. हातातली काच मी भिंतीवर फेकली. मालकाने झाडू आणून दिला.

मला जाता आलं असतं. हे मी आता सांगतोय, तेव्हा कबूल केलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा जाऊन आलो, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी राहण्याचे कागद नव्याने करायचे होते, बाहेर पडता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी वर्कशॉपमध्ये नवी मशीन आली. तिसऱ्या वर्षी काय होतं ते आठवतही नाही. प्रत्येक वेळी मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचो आणि आई "हो हो" म्हणायची. प्लास्टरच्या वेळी मी तिला फोनवर म्हटलं, मी येऊन काय करणार? तुला गरज चष्म्याची आहे. तिसरा पाठवतोय. या वेळी बघतोच कोण गिळतं ते.

तिसराही 'पोचवले'. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "नाही आला. तू येताना घेऊन ये."

माझ्यासारखे इथे राहणारे जे जे भेटतात, त्या प्रत्येकाकडे हरवलेल्या पार्सलची एक कथा असते. कुणाचं लग्नाचं आमंत्रण मूल झाल्यावर पोचलं, कुणाच्या वडिलांच्या सहीचे कागद सात महिने कुठल्याशा विमानतळावर पडून होते. जमलो की आम्ही तिकडच्या टपाल खात्याच्या नावाने बोटं मोडतो. त्यामुळे आई नाही म्हणते आणि कॉम्प्युटर हो म्हणतो, यात खोटं कोण हा प्रश्न मला पडलाच नाही. आई खोटं कशाला बोलेल?

खिडकीवरच्या बाईने दिलेला फॉर्म मी भरला. शिवाय तिकडच्या मोठ्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी सहीचा फोटो पाठवला. एक वेडीवाकडी, खाली घसरत गेलेली रेघ. माझी आई शाळेत चित्रकला शिकवायची. फळ्यावर तिने काढलेलं वर्तुळ कंपास लावून तपासावं, असं मुलं म्हणायची. ही तिची सही? मी परत पत्र लिहिलं. सही खोटी आहे. आमच्या भागातला पोस्टमन चोर आहे. एका म्हाताऱ्या बाईचे डोळे चोरतो, त्याला नोकरीवर ठेवता कसे?

'चोर' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या.

हे पोस्टमन मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्या गल्लीत यायचे. मी त्यांना काका म्हणायचो. माझा इथला व्हिसा लागून पासपोर्ट परत आला, तेव्हा सायकल खालीच आडवी टाकून दोन जिने धावत चढले होते. हे सगळं मला आठवत होतं. आठवत असूनही मी रेघा ओढल्या. आठवलं म्हणूनच जास्त चिडलो, आपल्याच माणसाने तोंडाला पानं पुसली म्हणून.

सात आठवड्यांनी माझ्या दारातल्या पेटीत एक जाड लिफाफा पडला. तिकडच्या टपाल खात्याचा. न फाटलेला, न भिजलेला, पत्ता स्वच्छ. आत दोन कागद. पहिला साहेबांचा: तक्रारीवरून संबंधित पोस्टमनला वाटपाच्या कामावरून दूर करून चौकशी करण्यात आली. निवृत्तीला आठ महिने बाकी असताना त्यांच्यावर ही वेळ आली. सोबत पत्त्यावरील व्यक्तीचा जबाब जोडला आहे.

दुसरा कागद आईच्या हातचा. ओळी उतरणीला लागलेल्या, अक्षरं एकमेकांवर चढलेली. ती सही जशी होती तशीच.

चष्म्याच्या धंद्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे कळू नये? एकाचे दोन कागद दिसणाऱ्या बाईची रेघ सरळ कशी येणार? मी दारातच पायरीवर बसलो आणि वाचलं.

"माझ्या मुलाने पाठवलेली तिन्ही पार्सलं मला वेळेवर मिळाली. तिन्हींवर मीच सही केली आहे. ती मी न उघडता कपाटात ठेवली आहेत. पोस्टमनने आजवर माझं एक पोस्टकार्डसुद्धा हरवलेलं नाही. त्यांना चोर म्हटलं गेलं, ते माझ्यामुळे. माझा मुलगा खोटारडा नाही. खोटं मी बोलले. त्यांना परत कामावर घ्यावं."

मी तिथूनच फोन लावला.

"तीन चष्मे!" मी ओरडलो. खालच्या मजल्यावरचं दार उघडून बंद झालं. "तीन चष्मे कपाटात ठेवून तू जिन्यावरून पडलीस? वेड लागलंय का तुला? मी इथे लोकांच्या काचा फोडतोय, एका भल्या माणसाला चोर ठरवलं, आणि तू—"

"ओरडून झालं की सांग," आई म्हणाली.

"उघडायला काय झालं होतं? डबी उघडायची, डोळ्यांवर लावायचा!"

"आपल्या घरात असा लावतात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डावा कान खाली आहे माझा," ती म्हणाली. "हा साधा चष्मा नाही. जरा तिरका बसला तर दोनाचं एक व्हायचं नाही. हे मला तुझ्या बाबांनी शिकवलं. तुलाही शिकवलं होतं."

"मग तसं सांगायचं! खोटं कशाला?"

"सांगितलं की. तीन वेळा सांगितलं, येताना घेऊन ये. तू 'चष्मा' एवढंच ऐकलंस. आला म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, चला, काम झालं. मग कशाला आला असतास?"

"आई, म्हणून तू त्या माणसाला—"

"ते माझं पाप आहे. तू चोर लिहिशील असं वाटलं नव्हतं. ते साहेब जबाब घ्यायला आले तेव्हा पोस्टमन खाली फाटकाशी उभे होते. वर यायला तयार नव्हते. मी साहेबांना कपाट उघडून दाखवलं. मग पोस्टमन वर आले. माझ्याशी एक शब्द रागाचा बोलले नाहीत. पार्सलांकडे बघून म्हणाले, बाई, मी बसवून देऊ का चष्मा?"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, तुम्ही तीनदा आलात तेवढं पुरे. आता ज्याने यायचं तो येऊ दे."

मी फोन ठेवला. आपटलाच. माझा राग गेला नव्हता, फक्त खापर फोडायला आता दुसरं डोकं उरलं नव्हतं. पेटीला एक लाथ घातली आणि मालकाकडे गेलो. तीन आठवड्यांची रजा मागितली. सीझनमध्ये देणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग हिशेब करून टाका. माझ्याकडे बघून त्याने रजा दिली.

शनिवारी पुन्हा खिडकी क्रमांक चार. मला बघून बाईने श्वास सोडला.

"तक्रार मागे घ्यायचीय," मी म्हटलं.

"पार्सलं मिळाली?"

"तिन्ही. वेळेवर. तुमची काही चूक नव्हती."

तिने नवा फॉर्म दिला. सगळे रकाने भरले. शेवटचा होता, 'वस्तू उपयोगात येण्यास उशीर झाल्याचे कारण.' मी लिहिलं: पाठवणारा स्वतः गेला नाही.

बाईने वाचलं. "असं कारण आमच्या यादीत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तिने 'इतर' या चौकटीत खूण केली आणि शिक्का मारला. पहिल्यांदाच माझ्यासाठी मारलेला शिक्का मला नीट दिसला.

बाहेर येऊन आईला फोन केला. "तिकीट काढलंय. पुढच्या गुरुवारी पोचतो. पक्कड मात्र तिकडे शोधावी लागेल, इथली मालकाची आहे."

"बाबांची ड्रॉवरमध्येच आहे," आई म्हणाली. "दर महिन्याला तेल घालते मी. गंजू दिली नाही."

चार वर्षं. मला पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना.

"आणि ऐक," ती म्हणाली. "विमानतळावरून आधी पोस्टमनच्या घरी जायचं. एकट्याने. काय लिहिलं होतंस ते त्यांच्या बायकोसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि माफी मागायची. मग घरी यायचं, हात धुवायचे, आणि मगच माझ्या नाकाला हात लावायचा."

"बरं," मी म्हणालो.