नळीतलं पाणी

प्रयोगशाळेच्या सरांना प्लास्टिकचा वास सहन होत नसे. म्हणून स्वतःचं पाणी ते घरून काचेच्या बाटलीत आणत. उंदरांच्या काचेच्या बाटल्या मात्र त्यांनी मोडीत काढल्या आणि सगळ्या पिंजऱ्यांतून मऊ प्लास्टिकची एकच लांब नळी फिरवली. बाटल्या धुवायची कटकट नको! आपल्या अकलेचं त्यांना इतकं कौतुक, की आल्यागेल्याला उंदरांच्या आधी नळी दाखवत.

त्या खोलीतला प्रयोग तसा सरळ होता. प्लास्टिक मऊ करायला जे रसायन घालतात, ते अर्ध्या गाभण उंदरिणींना खाण्यातून द्यायचं, अर्ध्यांना द्यायचं नाही, आणि पुढे नरपिल्लांची घडण बघायची. बघण्याचं काम सरांच्या हाताखालच्या एका बाईचं. ही जनावरांची डॉक्टर. धाकट्या बहिणीचा नवरा तिला ‘उंदरांची डॉक्टर’ म्हणून चिडवायचा.

सध्या त्याला चिडवायचं भान नव्हतं. त्याचा मुलगा वेळेच्या फार आधी जन्मला होता आणि दवाखान्यात नाकातल्या नळीतून दूध पीत होता. नळी तशीच मऊ, रसायनही तेच. त्याऐवजी दुसऱ्या, महागड्या नळ्या घ्यायच्या की नाही, हे दवाखाना सरांच्या प्रयोगाचा निकाल पाहून ठरवणार होता.

तिने पिल्लं तपासली. रसायन दिलेल्या उंदरिणींच्या नरपिल्लांची वृषणं पोटातच अडकलेली, काहींचं मूत्रद्वार भलत्याच जागी. हे होणार असं तिला वाटलंच होतं. मग तिने रसायन न दिलेल्यांची पिल्लं हातात घेतली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिथेही तेच! बाटल्या होत्या तेव्हा असली पिल्लं तिने कधी पाहिली नव्हती. तिने नळीतलं पाणी तपासायला पाठवलं. जे रसायन हे लोक मोजूनमापून अर्ध्यांना घालत होते, ते नळी सगळ्यांनाच फुकट पाजत होती.

ती धावत सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं, आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. दोन्हीकडे सारखंच आहे ना? मग रसायनाचा काय दोष? नळीचा विषय काढून उगाच आपलं हसं करून घ्यायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. दोन्ही पोरं नापास झाली म्हणून दोघांनाही पास करणारा हा मास्तर! अशा माणसाला सर म्हणायची तिला लाज वाटली.

निकाल सांगायच्या बैठकीला दवाखान्याच्या बाळांच्या वॉर्डच्या मुख्य डॉक्टरीणबाई आल्या. सरांनी आपली टिमकी वाजवली, फरक नाही, फरक नाही म्हणून चारदा सांगितलं आणि घसा ओला करायला काचेची बाटली उघडली. तेवढ्यात ही उठली, उंदरांच्या नळीतून पेलाभर पाणी काढून आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे प्या, सर.”

सरांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

“उंदरांचं पाणी मी का पिऊ?”

“रसायन निर्धोक आहे ना? आणि तुमची घडण केव्हाच झाली आहे. या वयात तुमचं काय बिघडणार? बिघडतं ते पोटातल्याचं आणि तान्ह्याचं.”

सर बाटलीचं झाकण लावत बसले. डॉक्टरीणबाईंनी एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि पाण्यात काय आहे ते हिला विचारलं. हिने सगळं सांगितलं. त्याच दिवशी वॉर्डातल्या नळ्या बदलायला सुरुवात झाली.

संध्याकाळी ती भाच्याजवळ उभी होती. नाकात नवी नळी होती. बहिणीने तिचा हात घट्ट धरला.

“ताई, आधीच्या नळीने याचं काही बिघडलं नसेल ना गं?”

उंदराचं पिल्लू असतं तर तिने बघताक्षणी सांगितलं असतं. पण इतक्या आधी जन्मलेल्या मुलांचं तसंही सगळं जागेवर आलेलं नसतं, बघून काहीच कळत नाही. खरं काय ते त्याला मिसरूड फुटल्यावर कळणार, कदाचित त्याचं लग्न झाल्यावर. तोवर सर निवृत्त होऊन कुठेतरी भाषण ठोकत असतील, शेजारी काचेची बाटली ठेवून.

“माहीत नाही गं,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.