सोजराबाईचा विस्तव

खामगावात प्लेगची दुसरी साथ ओसरली तेव्हा कापसाच्या जिनाजवळची आमची गल्ली ओस होती. माणसं गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहत होती. आम्ही दहा-बारा जणांनी मंडळ काढलं. सरकारनं सांगितलं नव्हतं, कुणीच नाही. मोऱ्या उपसल्या, भिंतींना चुना दिला, कौलं उतरवून घराघरांत ऊन घेतलं. आधी लोक हसले, मग फावडी घेऊन आले. त्या गल्लीचा मला गर्व चढला होता, हे आधीच कबूल करतो.

गल्ली लख्ख झाली, पण पहिल्यानं परतायला कुणी तयार नव्हतं. आमच्याकडे सकाळचा विस्तव सोजराबाईच्या चुलीतून नेत. गल्लीतली सर्वांत म्हातारी बाई तीच. तिची चूल पेटल्याशिवाय बाकीचे येणार नव्हते. आणि तिच्याजवळ साथीतून वाचलेलं एकच माणूस होतं, सहा वर्षांची नात कोकिळा. तिला घेऊन यायची म्हातारीची छाती होत नव्हती.

मी रोज झोपडीवर जाऊन मनधरणी करी. शेवटी ती म्हणाली, "निवृत्ती, माह्या घरात उंदीर पडला नाही, एवढं सांग. तुह्या शब्दावर मी येईन."

आदल्याच दिवशी तिच्या धान्याच्या कणगीखाली मला मेलेला उंदीर सापडला होता. मंडळाचा नियम साधा होता: उंदीर दिसला की घर पंधरा दिवस पुन्हा उघडं ठेवायचं. पण चार दिवसांवर जिन सुरू व्हायचा होता, आणि मंडळाचे प्रमुख रंगराव गल्ली भरणार म्हणून गावभर सांगून बसले होते. उंदीर वाळलेला आहे, जुना असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तो नाल्यात फेकून दिला.

"नाही पडला," मी म्हणालो.

तिची चूल पेटली. दोन दिवसांत बायका गोवरीवर विस्तव घेऊन घरोघर जाऊ लागल्या. तो धूर बघून मला रडू आलं. नवव्या दिवशी कोकिळाला ताप भरला, काखेत गाठ आली. बाराव्या दिवशी पोर गेली.

साधा ताप होता असं सांगू, नाहीतर गल्ली पुन्हा ओस पडेल, असं रंगरावांचं मत. मला ते सोसवेना. मी सोजराबाईपुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

"कुठं होता?" तिनं विचारलं.

"कणगीखाली."

कोकिळा कणगीला पाठ लावूनच झोपायची. म्हातारीनं तांब्या उचलला आणि चुलीत पाणी ओतलं. सकाळी बायका विस्तवाला आल्या तशी ती दारात उभी राहिली. "विस्तव नाही. या घरात उंदीर पडला होता. लेकरं घ्या अन् निंगा."

माझं नाव तिनं घेतलं नाही. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. त्या वर्षी गल्लीतलं दुसरं कुणी गेलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही पुन्हा फावडी उचलली. पण मंडळाच्या शब्दाला आता किंमत नव्हती. सोजराबाई स्वतः प्रत्येक घरात शिरली, तिनं कणग्यांखाली हात घालून बघितलं. तिच्या मागोमाग माणसं परत आली.

आज गल्ली भरलेली आहे. मीही सकाळी गोवरी घेऊन तिच्या दारात जातो. ती विस्तव ठेवते आणि विचारते, "घरात पाह्यलं का, निवृत्ती?"

मी हो म्हणतो. मग ती उठते आणि माझ्या मागोमाग बघायला येते. रोज.